गच्चीची किल्ली

मीटरच्या खोलीतून धूर निघाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.
जिन्यात आम्ही एकोणीस जण,
अर्धे वर निघालेले, अर्धे खाली,
दोन्ही अर्ध्यांना खात्री की वाट आपलीच बरोबर.
वर गच्चीला कुलूप.
किल्ली सेक्रेटरींकडे.
सेक्रेटरी लग्नाला, संगमेश्वरला.

कुणी मेलं नाही. हे आधीच सांगते,
म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल.
वायरमन आला, गेला,
कांजूरमार्गच्या आमच्या बारा मजल्यांपैकी
तीन मजल्यांच्या भिंती काळ्या झाल्या, तेवढंच.
पण त्या जिन्यात, माझ्या पुढच्याच पायरीवर
एक मुलगी तान्हं मूल छातीशी धरून खोकत होती
आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं.
तीन वर्षं एकाच मजल्यावर.
"अहो," म्हणाले मी, "अहो, इकडे!"
धुरात सगळ्यांनीच वळून पाहिलं.

म्हणून ही वही.
भाच्याची, चौकटीची, मागची पानं कोरी राहिलेली.

"मतदानाचं का?" पहिल्या मजल्यावर विचारलं.
"विमा नकोय," दुसऱ्यावर, साखळी न काढता.
तिसऱ्यावर सोलकरांनी आधी चहा टाकला,
मग विचारलं, काय काम काढलंत.

दुपारी घरात कोण असतं?
जिना कुणाला उतरवत नाही?
जादा किल्ली कुणाकडे ठेवता?
(या प्रश्नाला लोक सर्वांत जास्त वेळ गप्प बसतात.)

४०२. डुल्सीनबाई. गुडघे. खुर्चीसकट उचलावं लागेल.
खुर्ची हलकी आहे, उचलून पाहिली.

६०५. रामाशीष आणि आणखी पाच, पाळीपाळीनं झोपतात.
सभेत दोनदा ठराव झाला यांच्याविरुद्ध, फार माणसं म्हणून.
रात्री-अपरात्री केव्हाही दोघं-तिघं जागे.
याच्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

७०६. हर्षाली. हीच ती, जिन्यातली.
बाळाचं नाव तन्मयी. दार लोटलेलंच असतं म्हणाली,
मीच कधी ढकललं नव्हतं.

९०१. हंसाबेनच्या मिस्टरांचं ऑक्सिजनचं मशीन.
वीज गेली तर बॅटरी चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटं मी नुसतं लिहून ठेवलं होतं.
मग आश्विनात एका रात्री रस्त्याखालची केबल जळाली
आणि ती मोजायची वेळ आली.
सोलकरांचा टेम्पो, भांडुपच्या दुकानातला सिलिंडर,
बंद लिफ्ट,
आणि सहाव्या मजल्यावरचे ते फार झालेले लोक
खांदा बदलत, नऊ मजले, मोबाइलच्या उजेडात.
पोचले तेव्हा सात मिनिटं उरली होती.
हंसाबेननी नंतर त्यांना काय विचारलं माहितेय?
"तुम्ही जेवलात का?"

मी काहीच केलं नाही. दोन फोन लावले.
एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात हेच केलं,
या टोकाचा आवाज त्या टोकाला जोडायचा
आणि मधून बाजूला व्हायचं.
त्यातच डावा कान गेला.

वही सध्या सम्यककडे असते, १००४, वय अकरा.
अक्षर माझ्याहून बरं, आणि कुत्र्यांचीही नोंद ठेवतो.
परवा सहज चाळली.
सातव्या मजल्याच्या पानावर एक रकाना मी भरलेलाच नव्हता,
तो पेन्सिलीनं भरलेला:

७०३. मावशी. एकट्या. डावा कान बंद.
उजव्या कुशीवर झोपल्या तर बेल ऐकू जाणार नाही.
पॅसेजच्या खिडकीचे गज वाजवा. जोरात.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं,
की वर्षानुवर्षं डाव्याच कुशीवर झोपते,
चांगला कान वर ठेवून, पहाऱ्यावर.

गच्चीच्या किल्लीच्या आता चार प्रती आहेत.
एक माझ्या दाराच्या खिळ्याला.

काल रात्री कूस बदलली.
उजवा कान उशीत.
सकाळचे सात कधी वाजले, कळलं नाही.